गरीब गाय, पोटात पाय: ब्रिटनमधल्या पायवाटा आणि मोकळी गुरं

हिवाळाभर गोठ्यात असलेली गुरं वसंतात कुरणात सुटतात आणि त्याच सुमाराला चालायला जाणाऱ्यांचीही गर्दी वाढते. दाव्याला बांधलेली गाय बघत वाढलेल्या माणसाला इथला मोकळा कळप नवा असतो. वाचकांच्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत.

कुरणाच्या मध्यावर होतो, तेवढ्यात पंधरा-वीस जनावरं धावत आली. आम्ही पळालो, तर तीही मागे लागली. काय चुकलं?

पळालात, हेच चुकलं. वर्णनावरून ती वर्ष-दीड वर्षाची कालवडी किंवा खच्ची केलेले गोऱ्हे असावेत. या वयाचं जनावर कमालीचं चौकस असतं. घोळका दुडदुडत येतो, चार-पाच मीटरवर थबकतो, फुरफुरतो. पुढची मागे सरू बघतात आणि मागची त्यांना पुढे ढकलतात. मारण्याचा हेतू नसतो. पण तीन-चारशे किलोचं जनावर ओल्या उतारावर आयत्या वेळी थांबू शकत नाही, आणि तुम्ही पळालात की त्याचा पाठलागाचा खेळ सुरू होतो.

थांबा आणि त्यांच्याकडे तोंड करा. दोन्ही हात आडवे पसरा. काठी असेल तर तीही आडवी धरा, म्हणजे तुम्ही रुंद दिसता. खणखणीत पण सपाट आवाजात हटका आणि एक-दोन पावलं त्यांच्याच दिशेने टाका. पुढची रांग मागे सरते. मग चालू लागा, मात्र दर वीस-तीस पावलांनी वळून बघा, कारण पाठ दिसली की घोळका पुन्हा जवळ येतो. फाटक दिसल्यावर शेवटचे दहा मीटर धावायचा मोह होतो. कुंपणावरच्या लाकडी पायरीवरून घसरून हात मोडायची जागा नेमकी तीच. किंचाळणं, छत्री फटकन उघडणं, फडफडणारा रेनकोट यांनी गुरं बुजतात. लाल जाकिटाची मात्र काळजी नको, त्यांना लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही.

आमचा लॅब्रॅडॉर अगदी गरीब आहे आणि पट्ट्यावरच असतो. तरी वासरांच्या आया थेट त्याच्यावर चालून आल्या.

तुमचा कुत्रा गरीब आहे हे तुम्हाला माहीत. गाईच्या लेखी तो वासराच्या जिवावर उठलेला शिकारी. 2009 मध्ये माजी गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांना इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात गाईने पाडलं आणि त्यांची बरगडी मोडली, तेव्हा त्यांच्यासोबत अंधांना वाट दाखवणारा प्रशिक्षित कुत्रा होता. म्हणजे कुत्रा किती शिकलेला, हा इथे मुद्दाच नाही.

वासरं दिसत असतील तर कुत्र्यासह त्या कुरणात शिरूच नये, हे आमचं स्पष्ट मत. मोकळ्या रानात कसं वावरावं हे सांगणारी स्कॉटलंडची मार्गदर्शक संहिता तर सरळ तसंच सांगते. दुसरी वाट नसेलच, तर पट्टा आखूड धरा आणि कुत्रा कळपाच्या विरुद्ध बाजूला ठेवा. पट्टा मनगटाला गुंडाळू नका, कमरेच्या हुकाला तर अजिबात अडकवू नका, कारण तो एका क्षणात सुटायला हवा. गाय चाल करून आली तर पट्टा सोडून द्या. कुत्रा तिच्यापेक्षा चपळ असतो, आणि ती बहुतेक वेळा त्याच्याच मागे जाते. लोक बरोबर उलटं करतात: लहान कुत्रा उचलून छातीशी धरतात आणि स्वतःच निशाणा बनतात.

वाटेत वळू होता. हे कायद्याने चालतं का?

काही वळू चालतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण भाग कायद्याचं कलम 59 लागू आहे. दुधासाठी पाळलेल्या मान्य जातींचा, म्हणजे फ्रिजियन, होल्स्टीन, जर्सी, गर्न्सी वगैरेंचा, 10 महिन्यांपेक्षा मोठा वळू सार्वजनिक वाटेच्या कुरणात सोडता येत नाही. मांसासाठीच्या जातींचा चालतो, पण सोबत गाई किंवा कालवडी हव्यात. उलट, वळू नसताना 'वळूपासून सावध' अशी पाटी लावून लोकांना सार्वजनिक वाटेवरून परतवणं हाही गुन्हा ठरू शकतो.

शिंगांवरून ओळखायला जाऊ नका. हायलँड गाईची शिंगं हातभर लांब असतात आणि कितीतरी वळू बिनशिंगी असतात. मागच्या पायांमध्ये बघा, कास आहे की अंडकोष. इथल्या वळूला आपल्याकडच्यासारखं वशिंड नसतं, पण मानेवरचा जाड उंचवटा लांबूनही कळतो. गाईंच्या मागे असलेला वळू बहुधा माणसाला मोजत नाही. तो तुमच्याकडे आडवा उभा राहिला, पाठ कमानीसारखी केली, डोकं खाली घालून वाकडं धरलं, की आपला आकार दाखवून धमकावतोय असं समजा. पुढची पायरी म्हणजे खुराने माती उकरणं. तिथवर थांबू नका. पाठ न दाखवता, तिरकं, संथपणे मागे सरा.

वाट थेट गाई-वासरांच्या मधून जाते. मग जायचं कसं?

वाट सोडून. वाटेवर गुरं आडवी असतील तर वळसा घालून पुढे पुन्हा वाटेला लागणं गैर नाही. फक्त फाटकं होती तशी उघडी वा बंद ठेवा. कुरणात पाय टाकण्याआधी मिनिटभर फाटकापाशी उभं राहून बघा: वासरं कुठे, आया कुठे, बाहेर पडायच्या जागा कुठे. कडेकडेने जाणं सहसा बरं, पण वासरं नेमकी झुडपांच्या आडोशाला आणि उंच गवतात बसलेली असतात. आई दूर चरत असते आणि तुम्ही नकळत दोघांच्या मध्ये येता. गाईला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीमागचा पट्टा दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाऊ नका, लांबूनच बोलत या.

गाईने ढुशी मारली, पण उठून चालता आलं. पुढे काय करायचं?

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गाय कपाळाने जमिनीवर दाबते. सहा-सातशे किलोंच्या त्या दाबाने बरगड्या, फुप्फुस, प्लीहा यांना झालेली इजा तासाभरानेही डोकं वर काढते. श्वास घेताना कळ आली किंवा पोट कडक झालं तर थेट 999 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. पडलेले असताना उठायची धडपड करण्यापेक्षा डोकं हातांनी झाकून कुंपणाखाली किंवा झुडपात लोळत जाणं जास्त सुरक्षित. तारेने ओरखडे आले तरी परवडलं.

मग नोंद करा: तारीख, वेळ, नकाशावरचा ग्रिड क्रमांक, गुरांचा रंग, वासरं होती का, कुत्रा होता का. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा क्रमांक टिपता आला तर उत्तमच, पण त्यासाठी परत आत जाऊ नका. ही माहिती स्थानिक कौन्सिलच्या सार्वजनिक वाटांच्या विभागाला कळवा. मार गंभीर असेल तर शेतीतल्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हलाही. थोडक्यात निभावलं असेल तरी कळवा, कारण एकाच कुरणाबद्दल दोन-तीन तक्रारी आल्या की कळप हलवायला किंवा वाटेला कुंपण घालायला सांगणं कौन्सिलला सोपं जातं. इंग्लंड आणि वेल्समध्ये भरपाईचा प्रश्न 1971 च्या प्राणी कायद्यात येतो, पण त्यात तुमचं स्वतःचं वागणंही तपासलं जातं. म्हणून कुत्रा मोकळा होता का, हे पहिल्याच पत्रात खरं लिहा.