बहुभाषिक शब्दसाखळी: पहिल्या डावाआधी

आपण या खेळात उतरत आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. सुरुवातीला दोन-तीनच भाषा घ्याव्यात आणि साखळी लिपीवर नव्हे, तर शेवटच्या व्यंजनाच्या उच्चारावर चालवावी. मग मराठी 'पाऊस', जपानी 'साकुरा', मराठी 'रस्ता', मराठी 'तबला', गुजराती 'लीमडो', पुन्हा मराठी 'डोंगर' अशी वाट सहज निघते. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे 'बाळ', 'फळ' असे शब्द देणे, कारण 'ळ'ने सुरू होणारा मराठी शब्द नाही. शिरितोरी या जपानी शब्दसाखळीच्या खेळात 'न्'ने संपणारा शब्द देणारा हरतो. 'ळ'लाही तोच नियम लावायचा का, हे आधीच ठरवावे. दुसरी चूक म्हणजे अर्थ ठाऊक नसलेला शब्द फेकणे. पोर्तुगीजमधून आलेला 'बटाटा' मात्र निःशंक मराठीच मोजावा.