चैत्रगौरीचं हळदीकुंकू आणि नर्सरीतला गुलाब : ताई, त्या पाकळ्या ताटात घेऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. गच्चीवर चैत्रगौरीचं हळदीकुंकू, चाळीस-पन्नास बायका, श्रीखंडावर गुलाबपाकळ्या, पन्ह्यात घरचा पुदिना, त्यासाठी पाडव्याच्या आधी नर्सरीतून आणलेली गुलाबाची रोपं आणि आता कुंडी उकरल्यावर मातीत निघालेले जांभळट दाणे. नर्सरीवाला म्हणतोय धुवून खावा, आणि तुम्ही विचारताय की पाकळ्या तपासून कुठं मिळतील. हे सगळं जसंच्या तसं माझ्याकडं झालंय, फक्त श्रीखंडाच्या जागी गुलकंद होता.

तर आधी उत्तर: या वर्षी त्या झाडाची एकही पाकळी खाण्यात घेऊ नका. बाकीचं सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, कृषी पदवीधर नाही, बरीच वर्षं गच्चीवर माती कालवतेय एवढंच, त्यामुळं हे एका बाईचं मत म्हणून वाचा.

मी रोपं घेतली तेव्हा नर्सरीत स्पष्ट सांगितलं होतं की गुलकंदासाठी पाहिजेत, पाकळ्या खायच्या आहेत. "देशी गुलाब हाय वहिनी, बिनधास्त खावा" हे त्याचं उत्तर. वास खरंच सुंदर, पाकळ्या भरपूर. सासूबाईंनी बरणीत पाकळी-खडीसाखर, पाकळी-खडीसाखर असे थर लावून बरणी उन्हात ठेवली पण होती. मग एका झाडाची कुंडी बदलताना मुळाशी तेच दाणे. फोन केला तर म्हणे, "ते व्हय, ते किडीचं औषध, समदेच टाकतात, काय होत नाही." विकताना हे सांगावंसं वाटलं नाही त्याला. औषधाचं नाव विचारलं तर पाकीट फेकून दिलंय म्हणे.

आता यात मुद्दा असा आहे की दाणेदार औषधं बहुतेक आंतरप्रवाही असतात, म्हणजे मातीतून मुळं ती शोषून घेतात आणि रसाबरोबर पानात, कळीत, पाकळीत सगळीकडं नेतात. मावा, तुडतुडे रस पितात आणि मरतात, औषधाचं कामच ते. म्हणून धुणं, मिठाच्या पाण्यात ठेवणं, हळदीच्या पाण्यात बुडवणं याचा इथं शून्य उपयोग. वरून मारलेलं औषध धुवून थोडंफार जातं, आतलं जात नाही. आणि भाजीवर, फळावर मारायच्या औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस सोडायचे ते छापलेलं असतं, पण कुंडीतला शोभेचा गुलाब कुणी खाईल हे त्या लेबलात धरलेलंच नसतं. त्यामुळं "आठ दिवस थांबा मग चालतंय" असं जो सांगतो तो मनानं सांगतो.

मला वाटलं तपासून घेऊ, खरं काय ते कळेल. आणि इथंच माझा सगळा चैत्र गेला. कुठल्या ऑफिसात ते लिहीत नाही, त्यानं काही होणार नाही. पाकळ्या एका पिशवीत, माती दुसऱ्या पिशवीत घेऊन गेले. पहिल्या टेबलवर विचारलं, "सातबारा आणलाय?" म्हटलं अहो कुंड्या आहेत, गच्चीवर, सातबारा कुठला. "मग गट नंबर?" फॉर्मवर गट नंबरचा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणे. दुसऱ्या टेबलवर सांगितलं की मातीची तपासणी म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश ही खतद्रव्यं आणि सामू (पीएच) एवढीच, औषधाचा अंश आमच्यात बघत नाहीत. हे तरी निदान खरं उत्तर होतं, पण ते पहिल्याच दिवशी मिळालं असतं तर? तिसरीकडं पाठवलं, तिथं साहेब म्हणाले फूल हा काय खाण्याचा पदार्थ नाही, खाण्याच्या पदार्थाचं ऑफिस वेगळं. त्या वेगळ्या ऑफिसात म्हणाले विकत घेतलेला तयार पदार्थ आणि त्याचं बिल आणा, रोपं आमच्यात येत नाहीत, रोपांचं ते आधीचं ऑफिस. म्हणजे गोल फिरून मी परत पहिल्या टेबलवर. तिथल्या माणसानं ओळखलंसुद्धा नाही, परत विचारलं सातबारा आणलाय का.

मला सगळ्यात राग कशाचा आला सांगू, त्या सगळ्या टेबलांवर शेतीचं शिकलेली माणसं होती. दाणे बघून एकानं जरी म्हटलं असतं "ताई, खाऊ नका, टाकून द्या," तरी माझं काम पाच मिनिटात झालं असतं. त्यांना ते माहीत होतंच, पण तोंडानं सांगायची जबाबदारी कुणाला नको होती. आणि उन्हातनं पिशव्या घेऊन फिरताना घरी बरणी तशीच, सासूबाई रोज विचारायच्या गुलकंद हलवू का नको. शेवटी एका ओळखीच्या खत-औषध दुकानदारानं दाणे हातात न घेताच सांगितलं की हे कीटकनाशकच, फेका. बरणी रिकामी केली. अक्षय्य तृतीया आली, गौर उठली, हळदीकुंकू व्हायचं राहूनच गेलं त्या वर्षी. सासूबाईंचं ते आमच्याकडचं शेवटचं चैत्र होतं, त्यांना बायकांना स्वतःच्या हातचा गुलकंद वाढायचा होता, हे मला अजून लागतं.

म्हणून ताई, तपासणीच्या मागं लागून चैत्र घालवू नका. खासगी लॅब असतात, पण खर्च आपल्या कुंडीच्या मानानं फार, आणि रिपोर्ट येईस्तोवर अक्षय्य तृतीया होऊन जाते. संशय आहे ना, मग ते झाड फक्त बघायला. रंगावरून मात्र शंभर टक्के ठरवू नका, काही खतंही दाणेदार असतात, युरिया पांढरा, डीएपी करडा-काळसर, हळूहळू विरघळणारं खत पिवळट गोळ्यांसारखं. पण माहीत नाही म्हणजे खायचं नाही, माझ्या घरात आता हाच नियम. फोरेट नावाचं जे दाणेदार औषध पूर्वी सर्रास वापरायचे त्यावर २०२० च्या अखेरीपासून आपल्या देशात बंदी आहे, तरी जुना माल कुणाच्या कोपऱ्यात नसेलच असं मी तरी धरून चालणार नाही. दाणे हातानं उकरू नका, हातमोजे घाला, पोरांना आणि मांजराला लांब ठेवा. आणि पाकीट मिळालंच तर त्यावरचा चौकोन बघा, खालच्या त्रिकोणाचा रंग लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हे प्रत्येक घरात माहीत पाहिजे खरं तर.

गुलाब खायचाच असेल तर ज्याच्या दारात औषध जात नाही अशा ओळखीच्या घरचा काडीचा गुलाब आणा, सुगंधी गुलाबी देशी, काडी लावा, पुढच्या चैत्रापर्यंत तयार. नर्सरीचंच झाड ठेवायचं तर सगळ्या कळ्या-फुलं छाटा, माती पूर्ण बदला आणि मी तर म्हणते वर्षभर खाऊ नका. काहीजण तीन महिने पुरेत म्हणतात, त्यांचं त्यांच्यापाशी. फुलबाजारातला गुलाब, झेंडू, शेवंती तर विषयच नको, तो माल हारासाठी पिकवलेला असतो. देवाला वाहिलेली फुलं सुद्धा धुवून ताटात घेणारे लोक बघितलेत मी, कृपा करून नको.

बरं आता तुमच्या पन्नास बायकांचं. गुलाब नाही म्हणून काही अडत नाही, चैत्रात आपल्या गच्चीवर जे मिळतं ते कमी नाही.

कोथिंबीर उन्हानं तुऱ्यावर आली असेल तर उपटू नका. ती बारीक पांढरी फुलं आंबेडाळीवर भुरभुरा, चव कोथिंबिरीचीच पण नाजूक, आणि दिसतं असं की सगळ्या विचारतात. हिरवे कोवळे धणे लागले असतील तर ते चटणीत घाला. शेपू-बडीशेपेचे पिवळे तुरे पण तसेच चालतात. सब्ज्याची मंजिरी सरबतात छान. आंबेडाळ मात्र सकाळी लवकर करून ठेवू नका, हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा, भरड वाटा, कैरीचा कीस आणि थंड केलेली हिंग-मोहरी-हळद-सुक्या मिरचीची फोडणी बायका यायच्या तास-दीड तास आधी घाला, या उन्हात वाटलेली डाळ पटकन आंबते. पुदिना पन्ह्यात वाटून घालू नका, हिरवट-काळपट रंग येतो आणि वेलदोडा मरतो. पानं तळहातावर एकदा चापट मारून वरून टाका. किलोभर कैऱ्यांत वीस-पंचवीस छोटे ग्लास होतात, गूळ आपला कोल्हापुरी, पण पिवळाधमक नको, जरा काळपट बघून घ्या, चवीला मला तोच बरा वाटतो.

पिण्याच्या पाण्यात मोगरा. घरच्या मोगऱ्याच्या उमलायला आलेल्या कळ्या संध्याकाळी स्वच्छ फडक्यात सैल बांधून माठात सोडायच्या, सकाळी काढून टाकायच्या, सोबत वाळ्याची जुडी. सरबतापेक्षा बायका हे पाणीच परत मागतात. गोकर्णाची निळी फुलं आठ-दहा, लिटरभर गरम पाण्यात, पाणी निळं होतं आणि लिंबू पिळलं की जांभळं, पोरांना ते समोर करून दाखवा. लाल पाच पाकळ्यांच्या जास्वंदीचं सरबत पण होतं, मधला दांडा काढून टाकायचा. पण इथं एक सांगते, बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना आणि दिवस गेलेल्या मुलींना जास्वंद, गोकर्ण, कडुनिंबाचा मोहोर यातलं काही देऊ नका, त्यांना साधं पन्हं. कुणाला विचारायला संकोच वाटत असेल तर वाढताना नाव घेऊन सांगा, "हे जास्वंदीचं आहे," ज्या त्या बघून घेतील.

कडुनिंबाचा मोहोर पाडव्याला गूळ-ओवा-मिरी-हिंगाबरोबर खाल्लाच असेल, उरलेला सावलीत वाळवून तुपात कुरकुरीत परता आणि ताकावर टाका, कडवट लागतं पण उन्हाळ्यात बरं. आणि भजी! पानओव्याची भजी तर करतातच सगळे, त्याच पिठात भोपळ्याची फुलं. फक्त नर फुलं तोडा, ज्यांचं देठ लांब सडसडीत असतं, ज्याच्या बुडाशी छोटा भोपळा दिसतो ते मादी फूल राहू दे. सकाळी लवकर तोडायची, ऊन चढलं की मिटतात, आतला केसर काढा, मुंग्या बघा. हादग्याची फुलं आता शोधत बसू नका, त्याचा हंगाम नाही.

सजावटीसाठी बहावा किंवा ताम्हण मिळालं तर तांब्यात ठेवा, गौरीजवळ ठेवा, ताटात नको. दवणा पण तसाच, जोतिबाच्या यात्रेहून कुणी आणून दिला तर गौरीच्या झोपाळ्याला बांधा, वास सगळ्या घरभर होतो, पण कडू असतो, खायला नको. आणि हे अगदी मनापासून सांगते, हल्ली फोटोसाठी ताटात काही पण फुलं ठेवतात. कण्हेर, पिवळी बिट्टी, घाणेरी, सदाफुली, धोतरा, कळलावी, चाफा यातलं एकही फूल वाढलेल्या पदार्थाच्या आसपास नको. कण्हेर तर थेट हृदयावर परिणाम करते, पान असो फूल असो. घरात लहान पोर असेल तर ते ताटातलं रंगीत ते उचलणारच, त्याला शोभेचं आणि खायचं कसं कळणार.

अजून एक, उसाच्या शेताला लागून घर असेल तर शेजारच्या फवारणीचा वारा येतो. हळदीकुंकवाच्या आधीच्या आठवड्यात शेजारी फवारणार आहेत का हे विचारून ठेवा, आपल्याकडं माणसं विचारलं की सांगतात.

वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे देण्यापेक्षा पुदिन्याच्या काड्या आत्ताच पाण्यात घालून ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात, कागदी कपात माती घालून एकेक द्या. माती तुमची स्वतःची घ्या, त्या नर्सरीच्या पिशवीतली नको.

त्या दाण्यांचा जवळून फोटो टाकता आला तर टाका, आणि बाकीच्या कुंड्यांची माती पण हातमोजे घालून वरून दोन बोटं खोल खरवडून बघा, सहसा सगळ्या रोपांना एकदमच टाकलेलं असतं. गुलाबाच्या शेजारीच पुदिन्याची कुंडी असेल आणि पाणी एकीतनं दुसरीत झिरपत असेल तर तो पुदिना पण या वेळी बाजारातनं आणा. कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत सकाळी ताजा मिळतो, तो नीट निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्या.