तुम्ही पुण्यात फिजिओथेरपी शिकता आणि विचारलंत: नस (मज्जातंतू) तुटल्यावर स्नायू जास्त रिसेप्टर (रसायनाचा संदेश पकडणारी प्रथिनं) का बनवतो? क्लासमध्ये तुम्हाला उत्तर मिळालं, 'नसेतून येणारं रसायन बंद झालं म्हणून'.

थोडक्यात: स्नायूची विद्युत हालचाल थांबते म्हणून.

एरवी ॲसिटिलकोलीनचे (नसेतून स्नायूला संदेश देणाऱ्या रसायनाचे) रिसेप्टर नस जिथे स्नायूला भिडते तिथेच दाटीने असतात. स्नायू आकुंचन पावताना आत येणारं कॅल्शियम स्नायूपेशीच्या बाकीच्या केंद्रकांतली रिसेप्टरची जनुकं दाबून ठेवतं. नस तुटली की हा दाब जातो, मायोजेनिन (ही जनुकं चालू करणारं प्रथिन) वाढतं आणि काही दिवसांत स्नायूतंतूच्या सगळ्या पृष्ठभागावर रिसेप्टर उगवतात. तेही गर्भावस्थेतल्या प्रकारचे, एप्सिलॉन नावाच्या घटकाऐवजी गॅमा घटक असलेले. त्यांच्यातली आयन (विद्युतभारित कण) जाण्याची वाट जास्त वेळ उघडी राहते.

मग ते क्लासमधलं रसायनाचं उत्तर? अपुरं आहे. लोमो आणि रोझेन्थाल या संशोधकांनी 1972 मध्ये नस बंद पडलेल्या उंदरांच्या स्नायूला थेट विजेचे झटके दिले, तर ही वाढ रोखली गेली.

फिजिओथेरपी शिकताय, तर दुचाकीवरून पडून खांद्याजवळच्या नसा तुटलेले पेशंट दिसतीलच. भूलतज्ज्ञ अशांना सक्सिनिलकोलीन (हेच रिसेप्टर उघडून स्नायू सैल करणारं औषध) द्यायचं टाळतात: एवढे रिसेप्टर एकदम उघडले तर रक्तातलं पोटॅशियम उसळून हृदय थांबू शकतं.