कायदा विचारा: ‘वेड्याची साक्ष चालत नाही’ म्हणणाऱ्यांना काय सांगाल?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आठ वर्षं औषधं चालू आहेत, दर महिन्याला ओपीडीत फेरी असते. चाळीतल्या मारहाणीच्या केसमध्ये तो एकटाच प्रत्यक्षदर्शी आहे. आता ठाणे कोर्टाचं समन्स आलंय. समोरचे लोक म्हणतात, वेड्याची साक्ष चालतच नाही. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणावं का? (वाचक, वागळे इस्टेट)

उत्तर : समोरच्यांचं म्हणणं आजच्या कायद्यात बसत नाही, इंग्रजांच्या काळातल्या कायद्यातही बसत नव्हतं. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११८ ने साक्षीदाराला एकच माप लावलं: विचारलेला प्रश्न त्याला कळतो का, आणि त्याचं सुसंगत उत्तर देता येतं का. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२४ आलं. ‘ल्युनॅटिक’ (वेडा) हा शब्द गेला, माप तेच राहिलं. (त्या तारखेआधीपासून चालू असलेल्या खटल्यांना जुनाच कायदा लागतो, तेव्हा कागदांत ११८ दिसलं तर गोंधळू नका.) मनोविकलता (मन थाऱ्यावर नसणं) असली म्हणून माणूस साक्षीला अपात्र ठरत नाही. तिच्यामुळे प्रश्नच कळत नसेल, उत्तर देता येत नसेल तरच ठरतो, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. शिवाय मानसिक आजाराचं निदान झालं म्हणजे माणूस मनोविकल ठरला असं नाही, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्वतंत्रपणे सांगितलं आहे.

भाऊ साक्षीला पात्र आहे की नाही हे न्यायाधीश ठरवतात. आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली तर सरतपासाआधी (साक्षीला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलांच्या प्रश्नांआधी) न्यायाधीश स्वतः साधे प्रश्न विचारतील: नाव काय, राहता कुठे, आज इथे कशासाठी आलात, शपथ घेऊन खोटं बोललं तर काय होतं. घटनेचा विषय इथे निघत नाही. ही प्रश्नोत्तरं जशीच्या तशी लिहिली जावीत आणि त्याखाली न्यायाधीशांचं मतही नोंदलं जावं, एवढं सरकारी वकिलांना आधीच सांगून ठेवा. ही नोंद राहून गेली की अपिलात तोच मुद्दा पुन्हा उकरला जातो.

‘साक्ष देण्यास फिट’ अशा एका ओळीच्या सर्टिफिकेटचा फारसा उपयोग नाही. डॉक्टरांकडून पत्रच घ्या: निदान, चालू गोळ्या आणि त्यांचे डोस, शेवटच्या तपासणीत स्थळकाळाचं भान कसं होतं, बोलण्यात संगती होती का, किती वेळाने दमतो. त्याहून महत्त्वाचे घटनेच्या आसपासचे ओपीडीचे केसपेपर. कारण पात्रता साक्षीच्या दिवसाची पाहतात, पण उलटतपास घटनेच्या दिवसावर होतो: ‘त्या आठवड्यात गोळ्या बंद होत्या ना? कानात आवाज येत होते ना?’ साक्ष ऐकून घेणं वेगळं आणि तिच्यावर भिस्त ठेवणं वेगळं. अशा साक्षी पडतात त्या बहुतेक या दुसऱ्या टप्प्यावर.

आणि त्या पाडण्यात घरच्यांचाही हात असतो, साक्षीदाराला पढवून. पाठ केलेलं सरतपासात सुरळीत जातं, उलटतपासात मधूनच किंवा शेवटापासून विचारलं की धागा तुटतो. शिवाय ‘असं बोलायला कोणी सांगितलं?’ या प्रश्नाला तो अगदी प्रामाणिकपणे ‘दादाने’ म्हणेल! त्यापेक्षा आधी एकदा त्याला कोर्ट नाक्यावर नेऊन कोर्टाची खोली, पिंजरा, कोण कुठे बसतं ते दाखवा. ‘आठवत नाही’, ‘प्रश्न कळला नाही’ हीसुद्धा चालणारी उत्तरं आहेत, एवढं सांगा. एका वाक्यात तीन प्रश्न कोंबले गेले तर ते सुटे करून विचारायला न्यायाधीश सांगू शकतात. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उतरत नसेल तर साक्ष जेवणाच्या सुट्टीनंतर घ्यावी, असा अर्ज द्या. त्या दिवसासाठी म्हणून गोळी चुकवू मात्र नका.

प्रश्न : वडिलांच्या मृत्युपत्रावरच्या दोन साक्षीदारांपैकी एक वारले. दुसरे आमचे काका, वय ८१, गेल्या वर्षी डिमेन्शियाचं निदान झालं. बेलापूर कोर्टात दावा चालू आहे. त्यांची साक्ष धरली जाईल का? (वाचक, नेरूळ)

उत्तर : धरली जाऊ शकते, पण पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका. मृत्युपत्र शाबित करायला साक्षांकन करणारा निदान एक साक्षीदार तपासावा लागतो, तो हयात आणि साक्ष देण्याजोगा असेल तर (साक्ष्य अधिनियम, कलम ६७). काकांना सगळा इतिहास आठवायला नको. दोघाही साक्षीदारांनी वडिलांना सही करताना पाहिलं आणि दोघांनीही वडिलांसमोर सही केली, एवढं त्यांना सांगता आलं पाहिजे. डिमेन्शियात आधी पुसतं ते अलीकडचं, जुनं त्या मानाने टिकतं. मूळ दस्त समोर ठेवून ‘ही सही कोणाची?’ असं विचारता येतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १६ खाली साक्ष तातडीने घेण्याचा अर्ज करा, आणि आजारपणामुळे काकांना कोर्टात येणं शक्य नसेल तर आदेश २६ नियम १ खाली कमिशन मागा. साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेले कमिशनर घरी येतात, दोन्हीकडचे वकील हजर असतात, उलटतपासही तिथेच होतो. वेळ सकाळची मागा, अशा रुग्णांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. सरतपासाचं शपथपत्र दोन पानांचं आणि काकांच्याच भाषेत असू द्या. वकिली मराठीतलं दहा पानी शपथपत्र उलटतपासात त्यांना उलगडून सांगता आलं नाही की चांगली साक्षही संशयात जाते.

त्यांना साक्ष जमणारच नसेल तर डॉक्टरांच्या साक्षीने ते कोर्टापुढे आणा आणि कलम ६८ च्या वाटेने जा, ती साक्षांकन करणारा साक्षीदार ‘सापडत नाही’ तेव्हाची वाट आहे. त्यात एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि वडिलांची सही, अशा दोन गोष्टी शाबित कराव्या लागतात. साक्षीदार समोर असूनही मनाने असमर्थ असेल तर तो ‘सापडत नाही’ असं धरता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. तेव्हा दोघाही साक्षीदारांच्या आणि वडिलांच्या सह्यांचे जुने धनादेश, बँकेचे फॉर्म, सोसायटीचे कागद आत्ताच गोळा करून ठेवा.

प्रश्न : भाची १९ वर्षांची आहे. ऐकू-बोलता येत नाही, समजही वयाच्या मानाने कमी. तिच्या खुणा फक्त शाळेतल्या बाईंना कळतात. एका गुन्ह्यात साक्षीदार म्हणून पोलीस ठाण्यात बोलावलंय. (वाचक, ऐरोली)

उत्तर : तिला पोलीस ठाण्यात न्यायची गरज नाही. स्त्री म्हणूनही आणि अपंग व्यक्ती म्हणूनही तिचा जबाब घरीच घ्यावा लागतो (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). त्या जबाबावर तिची सही किंवा अंगठा घ्यायचा नसतो. कोर्टात ती खुणांनी सांगू शकते आणि ते तोंडी पुराव्याइतकंच धरतात (साक्ष्य अधिनियम, कलम १२५). दुभाषा किंवा विशेष शिक्षक दिला जातो, चित्रीकरणही होतं. बाईंना दुभाषी म्हणून नेमायचा अर्ज करा. त्याच गुन्ह्यात त्या स्वतः साक्षीदार असतील तर मात्र दुसरं कोणी बघा. बाईंनी सांगितलेला अर्थ लिहिला की झालं, असं समजू नका. भाचीने नेमकी काय खूण केली तेही कागदावर यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात सांगितलं आहे. मोफत वकिलासाठी ठाणे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. अपंग व्यक्तीला आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.