चीनची खेडी, धीम्या गाडीतून

प्रश्न : चीनमधील ग्रामीण जीवन पर्यटन कंपनीविना, स्थानिक वाहनांनी पाहता येईल का?

उत्तर : येईल, मात्र बुलेट ट्रेन टाळावी, कारण ती खेड्यांत थांबतच नाही. सिचुआन प्रांतात, १९७० मध्ये सुरू झालेल्या चेंगडू–कुनमिंग या जुन्या लोहमार्गावर पुशिओंग ते पानझिहुआ धावणारी ५६३३ क्रमांकाची हिरवी पॅसेंजर आम्ही सुचवू. लिआंगशानच्या डोंगरांतील यी समाजाचे शेतकरी भाजीपाला, कोंबड्या, प्रसंगी डुकरेही घेऊन तिनेच बाजाराला जातात आणि भाडेही अगदी थोडे असते. तिकिटासाठी पासपोर्ट लागतो. स्थानकापुढच्या गावांकडे जाणाऱ्या खासगी मिनीबस पुष्कळदा (आपल्या वडापप्रमाणेच) प्रवासी भरल्याखेरीज हलत नाहीत, म्हणून परतीची शेवटची गाडी आधीच विचारून ठेवावी आणि गावाचे नाव चिनी लिपीत लिहून जवळ बाळगावे.