हळदीचे फोटो फोनवर छान दिसतात, पण लॅबमधून निळसर आणि काळपट येतात. लॅबवाला म्हणतो फाइलच खराब. कलर करेक्शन लॅबवर सोडावं का?

निळसर आणि काळपट या दोन वेगळ्या भानगडी आहेत. आधी निळसरपणा बघू.

लॅबच्या मशीनला हळद कळत नाही. फ्रेममधले सगळे रंग मिसळले तर साधारण राखाडी व्हावेत, असं धरून ऑटो करेक्शन चालतं. तुमच्या फोटोत नवरीच्या अंगाला हळद, साडी पिवळी, मागे झेंडूच्या माळा. मशीन म्हणतं पिवळा फार झालाय, आणि तो कमी करतं. पिवळा काढला की निळा चढतो, आणि त्यात मार खातो चेहरा.

मला हा धडा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिळाला. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या बाराबंद्या (बंद बांधायचे अंगरखे). एवढं पांढरं बघून मशीनला वाटलं फोटो जास्त उजळ झालेत, त्याने डेन्सिटी, म्हणजे प्रिंटचा गडदपणा, वाढवली. बाराबंद्या राखाडी आणि माणसं उन्हात करपल्यासारखी! (सोलापूरचं ऊन कडक खरं, पण जानेवारीत एवढं नाही.) त्याच फाइल्स 'करेक्शन नको' सांगून पुन्हा काढल्या तर पांढरं पांढरं आलं. फक्त रात्री हॅलोजनखाली काढलेले दोन नारिंगी आले, कारण ते मीही दुरुस्त केले नव्हते आणि आता मशीननेही केले नाहीत.

म्हणून माझं मत असं: सहलीचे, घरगुती, हात न लावलेले फोटो खुशाल लॅबवर सोडा. जुना ऑपरेटर एकेक फ्रेम बघून डेन्सिटी, सायन, मॅजेंटा, यलो हाताने कमी-जास्त करतो; असा माणूस सापडला तर त्याला सोडू नका. पण रंग तुम्ही घरी बसवले असतील तर ऑर्डर देतानाच करेक्शन बंद करायला सांगा. दोघांनी हात घातला की फोटो बिघडलाच.

आता काळपटपणा. तो करेक्शन बंद करूनही जाणार नाही. फोनचा ब्राइटनेस फुल असतो, कागदाला स्वतःचा उजेड नसतो. फोटो एडिट करताना स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. डोळ्यांसाठीचा पिवळट नाइट मोडही बंद ठेवा.

फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतच (कलर स्पेस) सेव्ह करा. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीवर असेल आणि लॅबने ती फाइल एसआरजीबी समजून छापली, तर रंग मेल्यासारखे येतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवू नका, पेन ड्राइव्ह न्या.

अल्बमच्या आधी पाच-सहा फोटो ४ बाय ६ मध्ये काढून बघा, तेही दुकानातल्या बल्बखाली नाही, दाराबाहेर दिवसाच्या उजेडात. लॅबवाला तरीही "फाइलच तशी हाय की ओ" म्हणाला, तर भांडू नका. एकाच फाइलचे दोन प्रिंट मागा, एक करेक्शन करून, एक न करता, आणि दोन्ही त्याच्याच काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवा.