डाव्या सीटच्या पायाशी पाणी? काच काढू नका, आधी वायपरखालची जाळी उघडा

पाऊस पडला की गाडीत डाव्या सीटच्या पायाशी पाणी साचतं, गॅरेजवाला समोरची काच काढून परत बसवू म्हणतोय, तर बसवावी का आणि खर्च किती, असं तुम्ही विचारलंय. नका बसवू. आधी वायपरखालची काळी प्लास्टिकची जाळी उघडा.

एवढं ठासून सांगतो, कारण आमच्या घरात यावरून चांगलंच वाजलंय. परभणीला आमची गाडी अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी असते. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात डावीकडचं कार्पेट चिंब. सर्व्हिस सेंटरवाल्यानं दारही न उघडता सांगितलं, काचेचं सीलिंग गेलंय. दादानं त्याचं ऐकून काचेच्या कडेनं सिलिकॉनची अख्खी ट्यूब संपवली. पुढच्या पावसात पाणी तेवढंच! मी पहिल्यापासून सांगत होतो, काच गळत असती तर डॅशबोर्डवर, नाहीतर काचेशेजारच्या खांबावर ओल दिसली असती. तिथं सगळं कोरडं ठणठणीत, आणि पाणी उतरत होतं ग्लोव्हबॉक्सच्या मागून.

मग पुतणीला टॉर्च देऊन आत बसवलं आणि बाहेरून पाइप लावला. धार बारीक ठेवायची आणि खालून वर जायचं. आधी दार, मग जाळी, मग काच, टप सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडं ओघळतं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा तर नकोच, पाऊस जिथं शिरत नाही तिथंही तो पाणी घुसवतो. दाराला काही नाही. जाळीवर धार धरली आणि आतून पुतणी ओरडली, "काका, आलं! पंख्याकडून आलं!"

जाळीखाली लिंबाचा पाला, मोहर, लिंबोळ्या आणि वर्षभराची धूळ, सगळं घट्ट बसलेलं. जाळीखालच्या त्या पन्हाळीला दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात, ती बुजली होती. पाणी साचत वर चढायचं आणि ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, जिथून बाहेरची हवा ओढतो तिथून आत पडायचं. आपल्याकडं हे होणारच. आठ महिने नुसती धूळ, फाल्गुन-चैत्रात पानगळ, आणि लिंबोळ्या पडतात त्या ऐन पावसाच्या तोंडावर. कचरा हातानं काढला, भोकांतून मऊ नळी फिरवली, पाणी ओतून ते पुढच्या चाकामागं खाली पडतंय का ते बघितलं. दमडीचा खर्च नाही.

आणि यावर दादा काय म्हणाला? लिंबच तोडून टाकू! मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ च्या वर जातो, ती सावली घालवायची कशासाठी, तर वर्षातून एकदा जाळी उघडायचा कंटाळा म्हणून? तुमच्याही दारात झाड असेल तर कुणाचं ऐकू नका. मृग लागायच्या आधी अर्धा तास काढा, जाळी साफ करा. झाड उभं राहू द्या.

आता बाकीचं. काच नुकतीच बदलली असेल तर मात्र संशय आधी काचेवरच घ्या. पाऊस नसताना फक्त एसी लावल्यावर ओल येत असेल तर एसीची पाणी जायची नळी तुंबलीय. पाणी चिकट, रंगीत असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गॅरेज गाठा. मागच्या सीटखाली पाणी असेल तर दाराच्या आतलं प्लास्टिक बघा, स्पीकर बसवणारे ते हमखास फाडतात. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्या बघा. आणि कारण कुठलंही निघो, कार्पेट उचलून खालचा फोम वाळवाच. वरून कोरडं दिसतं, आत ओल तशीच राहते, मग वास आणि गंज. त्याखालून वायरिंगही जातं, म्हणून बॅटरीची वायर आधी काढून ठेवा.